ओलाव्याचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेखाची मागणी केली, तेव्हा भुसार मालाच्या बाजारातील चढउतार, वखारीतील कीड अथवा बाजार समितीचे नियम यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही चार शब्द लिहू, अशीच मंडळींची अपेक्षा असणार. चाळीस वर्षे बेळगावच्या पेठेत तांदूळ, ज्वारी आणि डाळी यांच्या घाऊक व्यापारात घालविलेल्या माणसाने दुसरे लिहावे तरी काय? तथापि यंदा एका वेगळ्याच मालाची ओळख वाचक बंधुभगिनींना करून देण्याचे आम्ही योजिले आहे. तो माल म्हणजे रबर. आणि त्यातही, ज्याच्या योगाने नवे रबर घडविले जाते तो उत्प्रेरक नावाचा पदार्थ.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. या लेखातील शास्त्र आमचे नव्हे. ते आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येने आम्हांस अनेक रात्री बसून समजावून सांगितले आहे. ती एका टायरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शास्त्र तिचे, हिशेब मात्र आमचा. आणि हिशेबात कोठे चूक राहिली असल्यास ती आमच्या नावे मांडावी.

हा विषय आम्ही का घेतला

भुसार व्यापाऱ्याचा रबराशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्यापैकी ज्यांच्या भातगिरण्या आहेत त्यांना हे विचारण्याचे कारण नाही. जुन्या लोखंडी हलरमध्ये तांदळाची कणी फार पडे. रबरी रुळांची गिरणी आल्यावर ती कमी झाली, कारण वेगवेगळ्या गतीने उलटसुलट फिरणाऱ्या दोन रबरी रुळांमध्ये साळीचे टरफल सोलले जाते, दाणा चिरडला जात नाही. ते रूळ झिजतात, बदलावे लागतात, आणि त्यांचे रबर हलके निघाले तर तोटा तांदळाच्या भावात दिसतो. शिवाय आपला सर्व माल रबराच्या चाकांवरूनच गावोगाव जातो, आणि आपल्यातील ज्या घरांत चामड्याचे जोडे वर्ज्य मानतात त्या घरांतील पायतणांचे तळही बहुधा रबराचेच किंवा रबरासारख्या पदार्थाचेच असतात.

परंतु खरे कारण याहून निराळे आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात आमच्या पेढीचा टेम्पो तांदळाची पोती घेऊन चोरला घाटाने गोव्याकडे निघाला होता. टेम्पो चालविणारे गृहस्थ बावीस वर्षे आमच्याकडे आहेत. मागचे टायर गुळगुळीत झाले आहेत, असे त्यांनी आम्हांस दोन वेळा सांगितले होते. 'दिवाळीनंतर बघू,' असे उत्तर आम्ही दोन्ही वेळा दिले. भर पावसात एका वळणावर ब्रेक दाबताच चाके घसरली आणि टेम्पो डोंगराच्या बाजूस जाऊन आदळला. दरीच्या बाजूस गेला नाही, एवढेच नशीब. त्यांचा उजवा पाय मांडीत मोडला. आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: 'सावकार, माल किती भिजला?'

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. माल किती भिजला हे आम्ही पाहिलेच नव्हते. पण टायरांचे किती रुपये वाचविले होते, ते मात्र आम्हांस तोंडपाठ होते.

त्या प्रसंगानंतर पुतणी भेटावयास आली. वास्तविक तिच्यापुढे बोलावयास आम्हांस तोंड नव्हते. बी. एस्सी. झाल्यावर तिला पुढे बहुवारिकांचे रसायनशास्त्र शिकावयाचे होते, आणि घरातील वडील या नात्याने बंधूंनी आमचा सल्ला विचारला होता. 'रबर शिकून मुलगी काय करणार?' असे म्हणून आम्ही खर्चास नकार दिला होता. ती शिष्यवृत्ती मिळवून गेली. तिने आम्हांस त्याची आठवण करून दिली नाही. आम्हीच विचारले, 'पोरी, चांगले रबर असते तर हा अपघात टळला असता काय?'

ती म्हणाली, 'काका, खोटे कशाला सांगू? टायर झिजलेला होता आणि त्याचे वयही झालेले होते. रबर जुने झाले की कठीण होते, आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड जाते. नव्या शास्त्राच्या आधी तो बदलायला हवा होता. पण ओल्या रस्त्यावर पकड धरील आणि तरीही इंधन कमी खाईल असे रबर कसे करावे, त्याच कामावर मी आहे.'

तेव्हापासून आम्ही तिचे विद्यार्थी झालो.

साखळी आणि तिचा इतिहास

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंची साखळी. लहान लहान रेणू, ज्यांस एकवारिक म्हणतात, एकापुढे एक जोडले जाऊन हजारो कड्यांचा बहुवारिक तयार होतो. रबराच्या झाडाच्या चिकातही निसर्गाने अशीच साखळी घडविलेली असते. परंतु नुसते कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक घालून ते तापविल्यास टिकाऊ होते, हे शोधून काढले. गंधक एका साखळीस दुसरीशी जागोजाग टाके घालून जोडतो. एकदा टाका पडला की तो उसवत नाही. म्हणूनच जुना टायर वितळवून पुन्हा नवा टायर ओतता येत नाही.

कारखान्यात रबर तयार करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालले होते. जर्मनीत ब्यूटाडाईन या वायूपासून सोडियम धातूच्या साहाय्याने जे रबर केले त्यास बुना असे नाव पडले: 'बु' ब्यूटाडाईनचा आणि 'ना' नॅट्रियमचा, म्हणजे सोडियमचा. रशियात सर्गेई लेबेदेव यांच्या पद्धतीने १९३२ मध्ये यारोस्लाव्ल येथे मोठा कारखाना सुरू झाला, आणि तेथील ब्यूटाडाईन अल्कोहोलपासून केले जाई. ते अल्कोहोल येई बटाटे आणि धान्य यांपासून! १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला, तेव्हा तेथेही उभारलेल्या प्रचंड कारखान्यांना लागणाऱ्या ब्यूटाडाईनचा मोठा वाटा प्रारंभी धान्याच्या अल्कोहोलमधूनच आला. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील बरेली येथे १९६३ मध्ये सुरू झालेला कारखाना साखरेच्या मळीच्या अल्कोहोलपासून रबर करीत असे. तो आता बंद आहे. पुढे पेट्रोलियमपासून निघणारे ब्यूटाडाईन स्वस्त पडू लागले. वडोदऱ्याच्या सभासदांना आठवत असेल, १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या तेथील संकुलात पॉलिब्यूटाडाईन रबर होऊ लागले. पानिपत येथे २०१३ पासून वर्षाला एक लाख वीस हजार टन क्षमतेचा स्टायरीन-ब्यूटाडाईन रबराचा कारखाना चालू झाला. भुसार आणि रबर यांचे नाते असे जुने आहे. आम्हांसच ते ठाऊक नव्हते.

उत्प्रेरक म्हणजे बाजारातील दलाल

लहान रेणू आपण होऊन साखळी करीत नाहीत. त्यांस कोणी तरी एकत्र आणावे लागते. हे काम करणारा तो उत्प्रेरक. पुतणीने हे सांगताच आम्ही म्हणालो, 'हा तर आपला दलाल झाला!' चांगला दलाल घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून देतो, सौदा होतो, आणि स्वतः मालात न मिसळता दुसऱ्या सौद्यास मोकळा होतो. आपल्या परंपरेच्या भाषेत बोलावयाचे तर उपादान रेणूंचेच. उत्प्रेरक केवळ निमित्त.

उत्तम दलाल सापडणे किती अवघड, हे आपणांस सांगावयास नको. जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमच्या एका संयुगाने इथिलीनच्या साखळ्या वाढविण्याचे प्रयोग चालले असता एके दिवशी साखळी वाढेचना. दोन रेणूंवरच थांबू लागली. शोध घेता आढळले, की पात्रात निकेलचा अत्यल्प अंश राहिला होता. दुसरा कोणी असता तर त्याने पात्र घासूनपुसून विषय सोडून दिला असता. परंतु एका धातूचा अंशमात्र असा परिणाम करतो तर अन्य धातू काय करतील, या विचाराने त्यांनी एकेक धातू लावून पाहिला. १९५३ मध्ये टिटॅनियमचा क्लोराइड आणि ॲल्युमिनियमचे संयुग यांच्या जोडीने, पूर्वी ज्यास हजाराहून अधिक वातावरणांचा दाब लागे ते पॉलिथिलीन साध्या दाबाखाली तयार झाले. इटलीतील जुलिओ नाट्टा यांनी हेच तंत्र पुढे नेले, आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. अशाच उत्प्रेरकांनी झाडाच्या रबराशी जवळजवळ जुळणारे रबर कारखान्यात करणे पन्नासच्या दशकात साध्य झाले.

न मरणारी साखळी

परंतु आमचे मन खरे वेधले ते पोलंडमध्ये जन्मलेल्या मायकेल श्वार्त्स या शास्त्रज्ञाच्या कार्याने. अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे १९५६ मध्ये त्यांनी दाखविले, की हवा आणि ओलावा यांपासून पूर्ण जपल्यास साखळीचे टोक जिवंत राहते. हिरव्या रंगाच्या उत्प्रेरक द्रावणात स्टायरीन पडताच रंग लाल होई आणि साखळ्या वाढत. स्टायरीन संपले तरी लाल रंग टिकून राही, म्हणजे टोके उपाशी पण जिवंत असत. पुन्हा स्टायरीन घातले की साखळी जेथे थांबली तेथून पुढे वाढे. आणि स्टायरीनऐवजी दुसरे एकवारिक घातले तर त्याच साखळीस दुसऱ्या मालाचा खंड जोडला जाई. या साखळ्यांस त्यांनी 'जिवंत बहुवारिक' असे नाव दिले.

येथे एक बारकावा सांगणे अवश्य आहे. या पद्धतीत हल्ली वापरला जाणारा ब्यूटिल लिथियम हा खऱ्या अर्थी दलाल नव्हे. त्याचा एक रेणू एकच साखळी सुरू करतो, आणि त्याचा सेंद्रिय भाग त्या साखळीच्या आरंभी कायमचा राहून जातो. म्हणून त्यास आरंभक म्हणावे हे अधिक बरोबर. जितके आरंभकाचे रेणू तितक्या साखळ्या. त्यामुळे साखळीची लांबी आधीच हिशेबाने ठरविता येते.

तो हिशेब आम्ही रोजमेळाच्या पाठकोऱ्या पानावर करून पाहिला. एक लाख रेणुभाराची साखळी हवी असेल, तर शंभर किलो एकवारिकास ब्यूटिल लिथियम लागते अवघे चौसष्ट ग्रॅम. आता पाण्याचा एक रेणू आरंभकाचा एक रेणू मारतो. चौसष्ट ग्रॅम आरंभक मारावयास पाणी लागते फक्त अठरा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने चार चमच्यांहूनही कमी! शंभर किलो एकवारिकाबरोबर पाचशे किलो विद्रावक वापरला, आणि त्यात दहा लाखांस दहा भाग एवढाच ओलावा राहिला, तरी ते पाणी झाले पाच ग्रॅम. आणि चारांतील एकाहून अधिक आरंभक रेणू कामास लागण्यापूर्वीच मेले. उरलेल्यांच्या वाट्यास जास्त माल आला, आणि साखळी एक लाखाऐवजी सुमारे एक लाख अडतीस हजारांची निघाली.

साळ घेताना आम्ही दाणा दाताखाली धरून ओलावा पाहतो. शेकड्यास चौदाच्या आत असला तर पोते वखारीत जाते. म्हणजे आमच्या शंभर किलो कोरड्या साळीत चौदा किलोपर्यंत पाणी असते, आणि आम्ही तिला 'खणखणीत' म्हणतो. पुतणीच्या कामात पाच ग्रॅमांनी हिशेब बिघडतो. हे ऐकल्यावर तिच्या शिक्षणास 'रबर शिकणे' असे तुच्छतेने म्हटल्याची आम्हांस मनापासून लाज वाटली.

दोन टोकांच्या गाठी

श्वार्त्स यांच्या बरोबर काम केलेले राल्फ मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेले. तेथे त्यांनी आणि जेफ्री होल्डन यांनी अशी साखळी घडविली, की जिची दोन्ही टोके कठीण पॉलिस्टायरीनची आणि मधला लांब भाग मऊ रबराचा. कठीण टोके मऊ भागात मिसळत नाहीत. अनेक साखळ्यांची टोके एकत्र येऊन त्यांच्या बारीक कठीण गाठी बनतात, आणि मधला मऊ भाग गाठींमध्ये ताणलेल्या दोराप्रमाणे राहतो. येथे गंधकाचा टाका नाही, तरीही रबर ताणले की परत येते. शंभर अंशांच्या वर तापविले की गाठी सैल होतात, आणि तोच माल पुन्हा साच्यात ओतता येतो. १९६५ मध्ये हा पदार्थ क्रेटॉन या नावाने बाजारात आला. पायतणांचे तळ, चिकटपट्ट्या आणि रस्त्याच्या डांबरातील भर येथे तो आजही वापरला जातो.

या खंडयुक्त साखळीत ओलाव्याचे पाप दुप्पट भोवते. पहिला कठीण खंड आणि मधला मऊ खंड होऊन गेल्यावर टोक मेले, तर शेवटचा कठीण खंड जोडला जात नाही. अशा साखळीचे एकच टोक गाठीत अडकते, दुसरे मोकळे लोंबते. ती ताण धरीत नाही; मालात मात्र तिचे वजन भरते. कणी मिसळलेल्या तांदळासारखेच हे.

टोकाला हात

आता आमच्या पुतणीच्या कामाकडे येऊ. टायरच्या रबरात बळकटीसाठी काजळी किंवा सिलिका मिसळतात. मिशलँ कंपनीने १९९२ मध्ये सिलिकायुक्त टायर बाजारात आणला, तेव्हापासून सिलिकेचे महत्त्व फार वाढले. टायर फिरताना रबर सतत दबते आणि सुटते. दबताना दिलेली सर्व शक्ती सुटताना परत मिळत नाही, काही उष्णता होऊन जाते. मालवाहू गाडीच्या इंधनाचा ढोबळमानाने चौथा ते तिसरा हिस्सा चाकांच्या या फिरण्यातच जातो. साखळ्यांची मोकळी लोंबणारी टोके ही या नुकसानीचे एक मोठे कारण होत.

उपाय असा, की टोक जिवंत असतानाच त्यास एक क्रियाशील गट, म्हणजे जणू एक हात, जोडावा. सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेला गट जोडला तर तो सिलिकेचा कण धरतो; नायट्रोजनचा गट किंवा कथिलाचे संयुग काजळीस जवळ करते. टोक धरले गेले की लोंबत नाही, भर सर्वत्र सारखी पसरते, चाक हलके फिरते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही राखता येते. इंधन, पकड आणि झीज या तिहींत एकास सुधारावयास जावे तर दुसरे बिघडते, असा टायरवाल्यांचा जुना अनुभव. हा हात त्या तिढ्यातून काही अंशी वाट काढतो. युरोपात २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरवर इंधन आणि ओली पकड यांची प्रत छापणे सक्तीचे झाल्यावर या रबरास मोठी मागणी आली. अर्थात अवजड मालट्रकांच्या टायरांत आजही नैसर्गिक रबराचाच वाटा मोठा असतो. हे नवे रबर प्रामुख्याने मोटारींच्या टायरांत जाते.

परंतु अडचण येथेच आहे. जे गट हात म्हणून उपयोगी, त्यांतील पुष्कळ गट जिवंत टोकाचे वैरी. अल्कोहोलचा किंवा आम्लाचा गट टोकाजवळ आला की टोक मरते. म्हणून उत्प्रेरक पद्धतींची सुधारणा हे या धंद्याचे मर्म होऊन बसले आहे. त्या सुधारणांचे चार मार्ग तिने आम्हांस सांगितले, ते थोडक्यात देतो.

पहिला मार्ग, वैरी गटावर तात्पुरते आवरण घालावयाचे. साखळी पूर्ण झाली की आवरण काढावयाचे.

दुसरा मार्ग, हात आरंभकातच ठेवावयाचा. नायट्रोजन असलेले लिथियमचे संयुग वापरले तर साखळी जन्मतःच एक हात घेऊन येते. शेवटी दुसरा जोडला की दोन्ही टोके बांधली जातात.

तिसरा मार्ग खंडयुक्त साखळीतील मधल्या रबराचा. त्यात राहिलेले दुहेरी बंध ऊन आणि हवा यांनी खराब होतात, म्हणून हायड्रोजन देऊन ते मिटवितात. पूर्वीपासून निकेल आणि ॲल्युमिनियम यांची जोडी यासाठी वापरतात. पण मालात राहिलेला निकेल धुऊन काढावा लागतो, आणि ते धुणे खर्चाचे. टिटॅनियमचे नवे उत्प्रेरक इतक्या थोड्या प्रमाणात काम करतात, की ते मालात राहिले तरी चालते. हायड्रोजन दिलेल्या या साखळीवर पुढे मॅलेइक अनहायड्राइडचा गट चढविला, तर ती नायलॉनसारख्या परक्या मालाशीही सलगी करते आणि त्याचा ठिसूळपणा घालविते.

चौथा मार्ग आम्हांस सर्वांत आवडला, कारण त्यात पुन्हा खरा दलाल आहे. लिथियमचा एक रेणू एकच साखळी देतो. साखळ्या हजार तर रेणू हजार. २००६ मध्ये अमेरिकेतील डाऊ कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एकाच पात्रात दोन उत्प्रेरक ठेवले: एक कठीण खंड करणारा, दुसरा मऊ. जस्ताचे एक संयुग वाढती साखळी एकाकडून उचलून दुसऱ्याकडे नेई आणि परत आणी. दोन आडत दुकानांमध्ये फेऱ्या घालणाऱ्या माणसाप्रमाणे! अशाने उत्प्रेरकाचा एक रेणू अनेक खंडयुक्त साखळ्या घडवितो. ही पद्धत इथिलीनसारख्या मालासाठी होती. रबराच्या बाबतीत फ्रान्समधील लियाँ येथील संशोधक आणि मिशलँ यांनी मिळून नियोडिमियमचे संयुग आणि मॅग्नेशियमचे संयुग यांच्या जोडीने इथिलीन व ब्यूटाडाईन एका साखळीत गुंफून, तिचे टोक जिवंत राखण्याचे काम केले आहे. मॅग्नेशियमला चिकटलेल्या त्या टोकास पुढे हात जोडता येतो.

हे चारही मार्ग ऐकल्यावर आमच्या ध्यानी एक गोष्ट आली. एवढ्या विद्वान मंडळींची साठसत्तर वर्षे कशात गेली? अशुद्धी थोडी कमी करण्यात, उत्प्रेरक थोडा कमी वापरण्यात, टोक थोडा वेळ अधिक जिवंत ठेवण्यात. आपल्या धंद्यातही नफा असाच मिळतो.

आपल्या टरफलाची गोष्ट

एक गोष्ट भातगिरणीवाल्या सभासदांसाठी मुद्दाम राखून ठेवली होती. ज्या सिलिकेस धरण्यासाठी हा सारा हातांचा खटाटोप, ती सिलिका आपल्या भाताच्या टरफलात आहे. शंभर किलो साळीमागे सुमारे वीस किलो टरफल निघते. ते जाळले असता सुमारे चार किलो राख राहते, आणि त्या राखेत शेकडा पंच्याऐंशी ते पंच्याण्णव भाग सिलिका असते. गुडइयर कंपनीने या राखेची सिलिका टायरांत वापरण्याचे २०१४ मध्ये जाहीर केले. आमच्या भागात खानापूरकडील गिरण्यांचे टरफल बहुधा भट्ट्यांत जळते आणि राख कोठे तरी टाकली जाते.

यावरून कोणी उद्याच कारखाना काढावा, असे आमचे म्हणणे नाही. राख अल्कलीत विरघळवून सिलिका पुन्हा साक्याच्या रूपाने काढावी लागते, आणि टरफल फार तापवून जाळले तर सिलिका स्फटिकरूप होऊन या कामास निरुपयोगी आणि फुप्फुसांस घातक होते. जाणकारांवाचून हे काम नव्हे. जाणकार मात्र आपल्याच घरांत जन्मास येत आहेत.

शेवटचे दोन शब्द

पाय मोडलेले आमचे सहकारी आठ महिन्यांनी कामावर आले. आता ते टेम्पो चालवीत नाहीत, वखारीचे काम पाहतात. थोडे लंगडतात. आम्ही त्यांना काही म्हणालो नाही, त्यांनीही कधी विषय काढला नाही. पण ओलाव्याचा हिशेब पुतणी समजावीत असताना ते शेजारी बसले होते. आणि पाच ग्रॅमांची गोष्ट ऐकून आमच्याकडे पाहून एवढेच म्हणाले, 'सावकार, थोडक्याचंच असतंय सगळं.'

सभासद बंधूंना आमची दोन विनवण्या आहेत. पहिली, आपापल्या गाड्यांचे टायर आजच पाहावे. टायरच्या बाजूस चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. खाचांच्या तळाशी झिजेची खूण असते. रबर तिच्याशी समपातळीत आले की दिवाळीची वाट पाहू नये. चालक सांगत असेल तर त्याचे पहिल्या वेळी ऐकावे.

दुसरी, संघाच्या शिष्यवृत्ती निधीतून वाणिज्य शाखेप्रमाणेच रसायन आणि पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसही साहाय्य व्हावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. निधीस आमची पहिली रक्कम त्याच सभेत जमा होईल. ती किती असावी याचा हिशेब आम्ही केला आहे: पुतणीच्या शिक्षणास त्या वर्षी आम्ही जी नाकारली ती, आजवरच्या व्याजासह.